जुन्या बसचं फिरतं घर: रस्त्यात अडली तर आधी हात कुठे घालायचा?

खिडकीशेजारी
जुनी प्रवासी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं, तर ओटा कुठे, पलंग कसा, सोलर किती, हे सगळं हवं तेवढं वाचायला मिळतं. गाडी चढावर उभी राहिली की आधी काय तपासायचं, ते मात्र तुकड्यातुकड्यांत सापडतं. ते एका जागी यावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधीच सांगते. बस जुनी असते म्हणून अडते त्यापेक्षा, घर करताना आपण तिच्यात जे जोडतो, झाकतो आणि तिच्यावर लादतो, त्याने ती जास्त वेळा अडते. मतभेद असेल तर जरूर लिहा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. इंजिन मागे, मेकॅनिकल डिझेल पंप, पूर्ण एअर ब्रेक, २४ व्होल्ट. लांब चढावर दम सोडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा नीट चालते. रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होते, अर्ध्या मिनिटात बंद पडते आणि मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. ब्रेकची हवा सकाळपर्यंत शून्यावर आलेली असते. आणि ब्रेक दाबला की बोर्डावरचे दिवे मंद होतात.

कोणत्या क्रमाने बघाल? आणि सोबत कोणते सुटे भाग ठेवाल?

नोझल
पहिली दोन लक्षणं डिझेलची आहेत, पण कारणं वेगळी.

चढावर दम सोडणं आणि थांबल्यावर बरं होणं म्हणजे टाकीतून डिझेल पुरेसं येत नाही. फिल्टर चोंदलेला असेल तर थांबल्याने फारसा फरक पडत नाही. थांबल्यावर बरं होतं तेव्हा दोन शक्यता. एक, टाकीत बाहेरची हवा येऊ देणारी नळी, म्हणजे ब्रीदर, बंद आहे, आत निर्वात होतो आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. दुसरी, तळातला गंज-गाळ ओढला जाऊन सक्शन पाईपच्या गाळणीला चिकटतो आणि ओढ थांबली की खाली पडतो. ओळखायचं असं: गाडी दम सोडेल तेव्हाच, बाजूला घेऊन, टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर ब्रीदर. आवाज नाही आला, तर फीड पंपाकडची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडची) नळी सोडून टाकीच्या दिशेने हलक्या दाबाची हवा मारा. झाकण उघडंच ठेवा, आणि हवा टायरच्या हातपंपाची पुरे. त्यानंतर गाडी थोडं अंतर उत्तम चालून पुन्हा तेच करू लागली, की टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

सकाळचं दुखणं म्हणजे एअर धरते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो, त्यामुळे तिथे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. लोक ओला डाग शोधत बसतात आणि तो सापडत नाही. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी घाला आणि इंजिन चालू असताना बुडबुडे बघा. दिसले तर पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच ठेवून त्यातून डिझेल द्या. कॅनवर गाडी नीट चालली तर दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाईपात आहे. कॅनवरही बुडबुडेच, तर तुम्ही जोडलेलाच सांधा आधी बघा. तो ठीक असेल आणि नळीत बुडबुडे नसूनही सकाळी तीच रड, तर फीड पंपावरच्या हातपंपाचं सील, फिल्टरचं गॅस्केट, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या, रबरी नळ्या, या क्रमाने.

गंजपत्रा
ब्रीदर बंद होण्याचं नेहमीचं कारण लिहून ठेवतो. थंडी-उष्णतेपासून बचाव म्हणून गाडीच्या पोटाला फवारणीचा फोम मारतात. तो मारताना ब्रीदरची बोटाएवढी नळी फोमखाली जाते. धागाकर्तीच्या मताला हा एक पुरावा.

आटेवाला
आणि माझा विरोध. फोमने एक ब्रीदर बंद होईल. बाकी ज्या नळ्या, सील, डायफ्राम (रबरी पडदे) फुटतात ते वयानेच फुटतात. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. कमी चाललेली बस म्हणून लोक खूश होतात, पण उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर चालत्या गाडीपेक्षा लवकर कडक होतं.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक. जुन्या गाड्यांतले नायट्राइल रबराचे सील त्या काळच्या डिझेलमध्ये फुगून घट्ट बसलेले असतात. आजच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये तेच सील आकसतात आणि पंप गळू लागतो. बायोडिझेलचं प्रमाण जास्त असेल तर जुनं रबर मऊ पडून सुटतं. पंप उघडलाच तर सगळे ओ-रिंग व्हायटनचे, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या रबराचे, घाला. एकच गळका बदलून बंद करू नका, बाकीचे मागोमाग येतात.

नोझल
@आटेवाला, सीलबद्दल पूर्ण सहमत.

एअर काढण्याचा क्रम राहिला होता. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, मारता मारताच स्क्रू आवळा. मग मुख्य पंपावरच्या स्क्रूचं तसंच. तरी सुरू होत नसेल तर दोन-तीन नोझलांकडचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल झिरपू लागलं की आवळा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. आणि सैल नटाजवळ हात नेऊन धार बघायची नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागते.

दोनठोके
वरचा क्रम सगळ्या इंजिनांना लागू नाही. डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरवर युनिट इंजेक्टर (पंप आणि नोझल एकातच) असतो आणि डिझेल हेडमधून फिरून टाकीत परत जातं. तिथे नट सैल करण्याचा प्रश्नच येत नाही. फिल्टर भरून घ्या आणि रिटर्नमधून बुडबुड्यांशिवाय डिझेल येतंय का ते बघा. याच इंजिनांत सर्रास मिळणारं १५डब्ल्यू-४० ऑइल घालू नका. त्यांना सिंगल ग्रेड एसएई ४०, सीएफ-२ प्रतीचं लागतं.

सावलीतली
इंजिन बंदच होत नसेल तर? चावी काढली तरी चालू राहतं असं ऐकलं आहे.

दोनठोके
मेकॅनिकल पंपाला चालायला वीज लागत नाही, म्हणून. स्टॉप सोलेनॉइड किंवा केबल गेली असेल तर पंपावरचा स्टॉपचा दांडा हाताने ओढून धरा, बंद होईल. ही जागा गाडी ठीक असतानाच बघून तिथे रंग लावून ठेवा.

दांडा ओढूनही वेग वाढतच असेल तर ते वेगळं आणि धोक्याचं: टर्बोच्या सीलमधून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळतं आहे. गिअरमध्ये असाल तर वरच्या गिअरला ब्रेक दाबून क्लच सोडून इंजिन दाबून टाका. नाहीतर हवेचा रस्ता बंद करा, जाड फळी किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. उघडा हात किंवा कापड तोंडाशी नेऊ नका.

हवाबंद
आता हवेकडे येऊ.

रात्रभरात हवा उतरली म्हणून घाबरू नका, पण मोजा. दाब पूर्ण भरा, साधारण १२० पीएसआय. चाकांना ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा, इंजिन बंद करा आणि काटा बघा. ब्रेक न दाबता एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये, ब्रेक दाबून धरल्यावर ३ पेक्षा जास्त नाही. दोन काटे असतील तर कोणता पडतो ते लिहून घ्या, निम्मा शोध तिथेच संपतो.

मग साबणाचं पाणी. ब्रेक न दाबताही गळत असेल तर टाक्यांचे ड्रेन, कंप्रेसरची नळी, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर आणि नंतर बसवलेली जोडणी. दाबल्यावरच गळत असेल तर पायाखालचा व्हॉल्व्ह, चाकांकडच्या नळ्या किंवा चेंबरचा डायफ्राम. पार्किंग ब्रेक सोडलेला असतानाच फुसफुसत असेल तर स्प्रिंग चेंबर. त्यातली स्प्रिंग पार्किंग ब्रेक लावते आणि हवेचा दाब तिला मागे धरून ठेवतो.

नंतर बसवलेली जोडणी म्हणजे भोंगा, हवेवरची सीट, सरकतं दार. यांना हवा ब्रेकच्या टाकीतून थेट घेतलेली असते. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे सीटची नळी फुटली तरी ब्रेकची हवा राखली जाते. तो न घालता केलेलं काम बघितलं की मला खरोखर राग येतो.

६० पीएसआयच्या आसपास गजर वाजतो, आणि साधारण २० ते ४५ च्या मध्ये कुठेतरी स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. गजर वाजला की बाजूला घ्या. पुढच्या वळणापर्यंत जाऊ, असं नाही.

सावलीतली
मग ब्रेक लागलेले, हवा भरत नाही आणि गाडी रस्त्याच्या मध्ये. हलवायची कशी?

हवाबंद
पहिली निवड बाहेरून हवा. दुसऱ्या गाडीतून नळी आणून टाकीवरच्या जोडणीतून भरा. गळती मोठी नसेल तर स्प्रिंग सुटतात.

तेही नाही, तर केजिंग बोल्ट. चारही बाजूंनी ठोकळे आधी, कारण यानंतर गाडीला पार्किंग ब्रेक राहत नाही. स्प्रिंग चेंबरच्या कडेला खोबणीत लांब बोल्ट असतो. मागची टोपी काढा, बोल्ट आत घाला, पाव फेरा फिरवून अडकवा, मग नट हाताच्या पान्याने आवळत जा. स्प्रिंग दबते, ब्रेक सुटतो. इम्पॅक्ट गन वापरू नका. बोल्ट अडकत नसेल किंवा चेंबर गंजून फुगलेला असेल तर तिथेच थांबा. चेंबरची मधली पट्टी कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही. आतली स्प्रिंग माणूस मारते.

गाडी अशी फक्त रस्त्याच्या कडेपर्यंत न्यायची. पुढचा प्रवास टोइंगने.

आटेवाला
टोइंग म्हटलं की प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) सोडणं आलंच. चाकं फिरतात, इंजिन बंद, गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, आणि तासाभरात बेअरिंग जळतात. ऑटोमॅटिकला तर हे हमखास. सोडताना फ्लँजवर रंगाची खूण करा, त्याच जागी परत बसला पाहिजे, नाहीतर थरथर सुरू होते.

विजेरी
ब्रेक दाबल्यावर दिवे मंद होतात, हे लक्षण मागे पडलं. ते अर्थिंगचं आहे. मागच्या ब्रेकच्या दिव्यांना चॅसीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायला नीट रस्ता नाही, म्हणून करंट दुसऱ्या दिव्यांमधून वाट काढतो. बल्ब बदलून उपयोग नाही.

मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं दिव्याच्या अर्थच्या वायरवर, आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी गंज आहे. हीच कसोटी सेल्फसाठी: निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये, सेल्फ मारत असताना. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनपासून चॅसीपर्यंतची जाड पट्टी काढा, दोन्ही बाजू चकचकीत घासा, लावा, वरून ग्रीस. सेल्फ बदलण्याआधी हे. रंग मारलेल्या पत्र्यावर अर्थ बसवणं ही घर करणाऱ्यांची आवडती चूक आहे.

दुसरी मोठी गोष्ट. २४ व्होल्टच्या गाडीत दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक असतात. घरातल्या पंख्या-दिव्यांसाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तर ती उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. अल्टरनेटरला दोघींची बेरीजच दिसते, २८ च्या आसपास, म्हणजे त्याच्या मते सगळं ठीक. दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक सतत दिसला तर कुणीतरी मधून तार काढली आहे. उपाय: २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर किंवा दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवणारा इक्वलायझर.

आणि लिथियम बँक थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते, आयडलला अल्टरनेटरचा पंखा मंद, वाइंडिंग जळतं. मधे करंट आवाक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवा. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली चार्जही करायची नाही.

खिडकीशेजारी
@विजेरीताई, इन्व्हर्टरची वायर किती जाड?

विजेरी
आधी गणित. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे १८५ अँपिअर ओढतो, २४ वर त्याच्या निम्मे. वायर त्या करंटच्या आणि लांबीच्या हिशोबाने, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज इन्व्हर्टरपाशी लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच नाही. ती चॅसीला घासली की आग इंजिनजवळ लागते आणि पुढे बसलेल्याला ती दिसत नाही. मागे इंजिन असलेल्या गाडीत उष्णतेचा सेन्सर आणि पुढे गजर हवाच.

चढणीचा गिअर
आग आणि चढ दोन्ही आले म्हणून कूलंटचं सांगतो. पुढचा तापमानाचा काटा शांत आहे म्हणजे इंजिन थंड आहे, असं धरू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं सांगतो. नळी फुटून कूलंट वाहून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा खाली येतो. म्हणून तापमानाबरोबर पातळीचाही गजर बसवा. छोटा प्रोब, वरच्या टाकीत.

घर करताना पुढच्या हीटरची नळी कापून मध्येच बंद करतात. मागच्या इंजिनापासून पुढे जाणाऱ्या या नळ्या लांब असतात. त्यांत हवेचा गोळा राहिला की हेडपर्यंत कूलंट नीट पोहोचत नाही. भरताना गाडीचं रेडिएटरकडचं तोंड उंच ठेवा, हीटरचा कॉक उघडा, सगळ्यात उंच जोडणी सैल करून हवा काढा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून परत भरा.

थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी कडक झाली तर हेड गॅस्केट. त्याला कूलंटमध्ये ओतायच्या जादूच्या बाटल्या नकोत, त्या रेडिएटरही बंद करतात. वेट लायनर असलेल्या इंजिनात, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा इंजिनात, मात्र कूलंटमध्ये एससीए हे संरक्षक रसायन हवंच. नाहीतर लायनरच्या बाहेरून बारीक खड्डे पडत पडत आरपार भोक होतं.

वजनकाटा
धागाकर्तीच्या बाजूने एक आकडेमोड. मागच्या एक्सलपासून २ मीटर मागे ४०० लिटरची पाण्याची टाकी बसवली. दोन एक्सलमधलं अंतर ६ मीटर. मागच्या एक्सलवर ४०० किलो वाढले असं वाटतं. प्रत्यक्षात ४०० × ८ ÷ ६, म्हणजे ५३३ किलो वाढतात आणि पुढचा एक्सल १३३ किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग तरंगतं, पाटे बसतात, मागचे टायर तापतात. दोष मग टायरला.

४० प्रवासी ७० किलोंनी धरले तर २८०० किलो. म्हणजे गाडीची ताकद आहे, पण ते वजन सगळीकडे पसरलेलं असायचं. टाक्या भरून, सामान चढवून प्रत्येक एक्सल वेगळा काट्यावर घ्या, जमलं तर प्रत्येक चाकही. टायरचा दाब त्यावरून ठरवा.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी वय त्यातच कळतं. आतल्या जोडचाकाचा दाब गेजनेच मोजा, हातोडीच्या आवाजावर विसंबू नका.

आटेवाला
चाक सोडताना: बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. ते न बघता लांब पाइप घालून जोर लावला की स्टड तुटतो. बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क तपासा.

एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली, चॅसीला ठोकळे दिल्याशिवाय, डोकंसुद्धा घालू नका. हवा सुटली की बस खाली बसते आणि मधे जागा उरत नाही.

गंजपत्रा
थोडं अवांतर, पण छत गळणं हाही रस्त्यातला बिघाडच. पाणी जिथे टपकतं तिथे शिरत नाही, कमानीच्या आतून वाहत चार हात लांब येतं. सगळी दारं, झरोके बंद करा, एका खिडकीत पंखा लावून हवा आत ढकला आणि बाहेरून छतावर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला तीच फट. तिथे सिलिकॉन भरू नका, त्यावर पुढे रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही. झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, रिव्हेटच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन.

खिडकीशेजारी
सगळ्यांचे आभार. वय की बदल, यावर आटेवाल्यांचं निम्मं मान्य करते: रबर वयाने जातं. पण अर्थिंग, टाकीची जागा, ब्रेकची हवा, हीटरची कापलेली नळी, हे सगळं आपलंच काम आहे आणि ते निघण्याआधी तपासता येतं. आता सुट्या भागांचं. गाडीत जागा कमी आहे.

नोझल
डिझेल फिल्टर दोन, एक नाही. घाणेरड्या टाकीत पहिला लगेच भरतो. सोबत पारदर्शक नळी, क्लिपा, आणि तांब्याचे वॉशर प्रत्येक मापाचे.

चढणीचा गिअर
बेल्टचा पूर्ण संच, वाकवून बसवता येईल अशी रेडिएटरची नळी, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, १० लिटर कूलंट.

हवाबंद
एअरलाइनची नळी दोन मापांत, दाबून बसणारे जोड, एक ब्रेक चेंबर डायफ्राम (फक्त साध्या, स्प्रिंग नसलेल्या बाजूसाठी), साबणाच्या पाण्याची बाटली.

आटेवाला
भागांपेक्षा नंबर बाळगा. पंप, सेल्फ, अल्टरनेटर, कंप्रेसर, एक्सल यांच्या प्लेटचे फोटो. बसच्या नावाने भाग शोधला तर मिळत नाही, कारण बनवणाऱ्याने इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा घेतलेला असतो. बेअरिंगचा नंबर तर जगभर एकच: ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७, जाडी १४ मिलिमीटर, कुणाचंही घ्या. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते. गाडी उघडलेली असतानाच टिपून घ्या.

सावलीतली
तांब्याचे वॉशर संपले आणि जवळ काहीच मिळत नाही, तर जुनाच परत लावला तर चालतो का?

नोझल
चालतो, पण तसाच नाही. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो आणि पुन्हा बसत नाही. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करा, पाण्यात टाका, वरची काळी खपली बारीक पॉलिशपेपर सपाट काचेवर ठेवून घासा. मऊ झालेला असतो, नव्यासारखा बसतो. कडेला खाच किंवा चीर असेल तर टाकून द्या. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका, तो लाल दिसायच्या आतच वितळतो.